एकपत्ती व द्विपत्ती वाद्यांची प्रतिसादक्षमता

एकपत्ती वाद्ये व द्विपत्ती वाद्ये हे पत्तीच्या कंपनाने वाजणाऱ्या सुषिर वाद्यांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. क्लॅरिनेट व सॅक्सोफोन ही एकपत्ती, तर ओबो, बॅसून व सनई ही द्विपत्ती वाद्ये होत. फुंकर घातल्यावर स्वर किती लवकर व सहज उमटतो, तो किती हळू वाजवता येतो आणि ओठांच्या दाबाने त्याची उंची किती बदलते, या गुणांना एकत्रितपणे वाद्याची प्रतिसादक्षमता म्हणता येईल. द्विपत्ती वाद्ये प्रतिसादाला अवघड असतात असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रतिसाद पत्तीइतकाच नळीच्या आकारावरही अवलंबून असतो.

पत्तीची रचना

एकपत्ती वाद्यात वेताची एक चपटी पत्ती माउथपीसवर पट्ट्याने आवळून बसवतात. माउथपीस कठीण असल्याने केवळ पत्तीच हलते. द्विपत्ती वाद्यात दोन पातळ पत्त्या समोरासमोर बांधलेल्या असतात व त्यांमधील अरुंद फटीतून हवा आत जाते. येथे दोन्ही पत्त्या कंप पावतात. पाश्चात्त्य वाद्यांच्या पत्त्या बहुधा अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या वनस्पतीपासून करतात.

स्वराचा आरंभ

तोंडातील हवेचा दाब वाढला की पत्ती मिटू लागते. दाब एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर कंपन सुरू होते. क्लॅरिनेटच्या साध्या सैद्धांतिक प्रारूपात ही मर्यादा पत्ती पूर्ण मिटवणाऱ्या दाबाच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे ताठ पत्तीला अधिक दाब लागतो. मऊ पत्ती लवकर बोलते, परंतु जोरदार फुंकरीने मिटून स्वर बंद पडतो. ही तडजोड दोन्ही वर्गांना लागू आहे.

ओबोची फट अतिशय अरुंद असल्याने दाब जास्त लागतो, पण हवा थोडी खर्च होते. म्हणून ओबोवादकाला नवा श्वास घेण्यापूर्वी छातीत साठलेली जुनी हवा बाहेर सोडावी लागते. क्लॅरिनेटमध्ये हवेचा प्रवाह तुलनेने मोकळा असतो.

नळीच्या आकाराचा परिणाम

क्लॅरिनेटची नळी मुख्यतः दंडगोलाकार आहे. तिच्या खालच्या स्वरांत मूलस्वराचा अनुनाद सर्वांत प्रबळ असतो. त्यामुळे हे स्वर जवळजवळ नि:शब्दतेतून उमटवता येतात. ओबो व बॅसून यांच्या नळ्या शंक्वाकार असून सर्वांत खालच्या स्वरांत वरचे अनुनाद मूलस्वराहून प्रबळ ठरतात. म्हणून हे स्वर हळू सुरू करताना अडखळतात किंवा वरच्या सप्तकात उडी घेतात.

हा भेद केवळ पत्तीचा नाही, हे सॅक्सोफोनवरून दिसते. आडॉल्फ साक्स यांनी १८४६ साली पेटंट घेतलेले हे वाद्य एकपत्ती असूनही शंक्वाकार आहे आणि त्याचे खालचे स्वर हळू वाजवणे ओबोप्रमाणेच कठीण असते. उलट आर्मेनियाचे दुदुक हे द्विपत्ती वाद्य दंडगोलाकार नळीचे असून मंद, मृदू स्वरांसाठी प्रसिद्ध आहे.

ओठांचे नियंत्रण

द्विपत्ती वाद्यात ओठ दोन्ही बाजूंनी पत्तीला वेढतात. दाबातील लहान बदलही स्वराच्या उंचीत व रंगात उमटतो. यामुळे स्वर सुरात राखणे अवघड होते, पण अभिव्यक्तीला वावही मिळतो. क्लॅरिनेटमध्ये वरचे दात माउथपीसवर टेकलेले असल्याने पकड स्थिर राहते.

भारतीय वाद्ये

महाराष्ट्रात मंगलप्रसंगी चौघड्यासह वाजणारी सनई द्विपत्ती आहे. तिच्या पत्तीला जिव्हाळी म्हणतात. सनईला कळा नसतात. ओठ, श्वास व बोटे यांच्या समन्वयातून वादक मींड काढतो. गारुड्याच्या पुंगीत एकेरी पत्त्या असतात, परंतु त्या तुंब्याच्या आत असल्याने ओठ त्यांना स्पर्श करत नाहीत. म्हणून पत्ती एकेरी असूनही पुंगीत स्वर लहानमोठा करण्यास फारसा वाव नाही.

पत्तीची निगा

क्लॅरिनेटच्या पत्त्या ताठपणाच्या क्रमांकानुसार तयार मिळतात व लगेच बदलता येतात. ओबो व बॅसूनचे अनेक वादक आपल्या पत्त्या स्वतः बांधतात आणि तासतात. टोकाकडील वेत किंचित अधिक तासल्यास स्वर लवकर उमटतो, मात्र अति तासल्यास तो अस्थिर होतो. म्हणून या वाद्यांची प्रतिसादक्षमता वादनाइतकीच पत्ती घडवण्याच्या कौशल्यावर अवलंबून असते.