‘वळणें’ या शब्दाचीं वळणें

तळोद्याहून चांदसैलीच्या घाटानें धडगांवास जाणाऱ्या प्रवाशाला एका शब्दाचा विसर पडणें शक्य नाहीं. सातपुडा चढतांना थोडथोड्या वेळानें वळण येतें. दिशा बदलणें एवढाच ‘वळण्या’चा अर्थ तेथें पुरेसा असतो. परंतु, श्रोतेहो, रस्ता सोडून घरीं आलें तरी या शब्दावांचून आपलें पान हालत नाहीं.

डोंगरउतारावर गुराखी गुरें वळीत असतो. येथें वळणें म्हणजे राखणें, चुकार जनावराला फिरवून कळपांत आणणें. घरीं देवापुढच्या वाती वळाव्या लागतात. दिवाळींत लाडू वळतात. शेतकरी दोर वळतो. हसतां हसतां कोणाची मुरकुंडी वळते, तर भीतीनें कोणाची बोबडी वळते. अक्षराला वळण असतें, मुलांना वळण लावावें लागतें आणि नातू आजोबांच्या वळणावर जातो.

या पसाऱ्यांत समान धागा कोणता? लाडवांकडेच पहा. मिश्रण कोमट आहे तोंवर तें मुठींत वळतें. निवून कडक झालें कीं हातांत भुगा येतो. दोराचा वाखहि कोरडा असेल तर तुटतो, म्हणून तो ओलावून घेतात. वळण्याला हाताचा जोर लागतो, तसा वस्तूचा मऊपणाहि लागतो. मोडणें हें एकट्याचें काम, वळणें दोघांचें. म्हणूनच समजूत घातली कीं आपण मन ‘वळविलें’ म्हणतों, आणि बळजोरी झाली कीं मन ‘मोडलें’ म्हणतों.

हा भेद केवळ कोशांतला नव्हे. धडगांवच्या उत्तरेस नर्मदा वाहते. सरदार सरोवराच्या धरणानें तिचें पाणी कालव्यानें गुजराथ व राजस्थानकडे वळविलें. त्या बुडिताची झळ महाराष्ट्रांतील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतल्या ३३ गांवांना लागली. पाणी वळविण्यास भिंत पुरते. माणसाला आधीं विश्वास द्यावा लागतो. जमिनीच्या बदल्यांत जमीन, आणि तीहि बुडित येण्यापूर्वीं, असें नर्मदा जलविवाद लवादानें १९७९ सालीं आपल्या निवाड्यांत सांगितलें होतें. तरीहि तें पदरांत पाडून घेण्यासाठीं डोंगरांतल्या लोकांना अनेक वर्षें झगडावें लागलें. कित्येक कुटुंबें तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर उतरलीं. त्या सर्वांचीं मनें वळलीं होतीं, असें कोण म्हणेल?

‘कळतें पण वळत नाहीं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आळशी विद्यार्थ्याला ती आपण सहज ऐकवितों. परंतु तिचा रोख त्याहून मोठा आहे. निवाड्याचीं कलमें ज्यांना पाठ होतीं त्यांना कळलें नव्हतें, असें नाहीं. कळणें डोक्यांत राहतें. वळण्यासाठीं हात पुढें करावा लागतो, आणि तोहि वेळेवर.