टिपणवही आणि तिची जोडसाधने

कामगार संघटनेच्या कामात जुनी टिपणे हीच आमची तिजोरी. पंधरा वर्षांपूर्वीच्या कराराचे टिपण वाटाघाटीच्या वेळी उघडले नाही, तर त्याची किंमत कामगाराच्या पगारात मोजावी लागते. म्हणून संगणकावर टिपणे ठेवणाऱ्या श्रोत्यांपुढे आम्ही एक कसोटी ठेवतो.

ईमॅक्स हा जुना मजकूर-संपादक. त्यात टिपणे व आराखडे करण्यासाठी कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली ऑर्ग-मोड रचला. रीत सोपी आहे. ओळीच्या आरंभी एक तारका दिली की मथळा, दोन दिल्या की पोटमथळा. टॅब कळीने मथळ्याखालचा मजकूर मिटतो व उघडतो.

याला अनेकांनी जोडसाधने, म्हणजे पॅकेजे, केली आहेत. २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीपासून ती ईमॅक्समधूनच बसवता येतात. ऑर्ग-सुपरस्टार तारकांच्या जागी सुबक ठिपके दाखवतो. काढून टाकला, तरी फाइलीत तारका जशाच्या तशा असतात. ऑर्ग-रोम एखाद्या टिपणाचा उल्लेख आणखी कोठे आला ते दाखवतो. तो काढला तर ती यादी जाते, पण लिहिलेले शब्द राहतात.

कसोटी हीच. जोडसाधन एका वेळी एकच बसवावे, महिनाभर वापरावे आणि मग तीच फाइल दुसऱ्या साध्या संपादकात उघडून पाहावी. वाचता आली, तर साधन आपले चाकर. न आली, तर आपण त्याचे.