जोडीदाराची चाहूल घेणारी पेशी

पाव फुगवणाऱ्या यीस्टला ना नाक, ना डोळे. तरी जवळ जोडीदार आला आहे हे त्याला नेमकं कळतं. या यीस्टच्या पेशी दोन प्रकारच्या असतात, ‘ए’ आणि ‘अल्फा’. अल्फा पेशी 13 अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडते. ए पेशीच्या पटलावर स्टे-2 नावाचं ग्राही प्रथिन त्याची वाट पाहत असतं. पेप्टाइड त्याला चिकटलं की आतल्या बाजूचं, संकेत पुढे नेणारं जी-प्रथिन सुटं होतं, एकामागून एक किनेज नावाची विकरं जागी होतात आणि शेवटी स्टे-12 हे प्रथिन मीलनाची जनुकं चालू करतं. मग पेशी विभाजन थांबवते आणि जोडीदाराच्या दिशेने फुगवटा काढते.

हीच साखळी वापरून यीस्टला इतर पदार्थ ओळखणारा संवेदक बनवता येतं. तिच्यातलं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवण्यातच सगळं कसब आहे. 1990 साली ड्यूक विद्यापीठाच्या रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी माणसाचा अ‍ॅड्रेनालिन ओळखणारा एक ग्राही यीस्टमध्ये बसवला. सोबत सस्तन प्राण्यांच्या जी-प्रथिनाचा एक भागही द्यावा लागला, पण पुढची साखळी यीस्टचीच राहिली आणि ती चालली. माणूस आणि यीस्ट यांच्यातलं उत्क्रांतीचं अंतर लक्षात घेतलं तर हे आजही थक्क करणारं आहे.

मला सर्वांत आवडतं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं 2017 मधलं काम. व्हर्जिनिया कॉर्निश यांच्या गटाने स्टे-2 काढून त्याजागी रोगकारक बुरशींचे मीलनग्राही घातले. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी आपल्या जोडीदारासाठी जे पेप्टाइड सोडते, ते आता हे यीस्ट ओळखू लागलं. साखळीच्या शेवटी मीलनाऐवजी लायकोपिन तयार करणारी जनुकं जोडली होती. लायकोपिन म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. त्यामुळे उपकरण लागत नाही, वीज लागत नाही. चाचणीच्या पट्टीवर लावलेलं यीस्ट लालसर झालेलं नुसत्या डोळ्यांना दिसतं. जिथे प्रयोगशाळा दूर आहे, तिथे या साधेपणाची किंमत फार मोठी आहे.

त्यामागची काटछाट मात्र बारीक आहे. विभाजन थांबवणारं फार-1 हे जनुक अशा यीस्टमधून सहसा काढून टाकतात, नाहीतर संकेत मिळताच पेशींची वाढ खुंटते. अल्फा पेप्टाइडचे तुकडे करणारं बार-1 काढतात. साखळीला आवर घालणारं एसएसटी-2 काढलं की अत्यल्प संकेतही जाणवतो.

बुरशी सोपी ठरली, कारण तिचे ग्राही स्टे-2 चेच भाऊबंद. जीवाणू आणि विषाणू असं मीलनाचं पेप्टाइड सोडत नाहीत. त्यांच्यासाठी ग्राहीत बदल घडवत, असंख्य पेशींमधून हवी ती निवडत नवा ग्राही घडवावा लागतो, आणि खरी मेहनत आता तिथे आहे.