स्वच्छ वीज, थंड घरं आणि दोन देशांतले वर्ग

२०२३ मध्ये युरोपीय संघाच्या एकूण अंतिम ऊर्जावापरात नवीकरणीय ऊर्जेचा वाटा २४.५ टक्के होता. त्याच वर्षी संघातल्या १०.६ टक्के लोकांना आपलं घर पुरेसं उबदार ठेवणं परवडलं नाही. पहिला आकडा विज्ञानाच्या तासाला शिकवला जातो. दुसरा शिकवला गेलाच, तर नागरिकशास्त्राच्या तासाला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की वेगळंच चित्र दिसतं.

| देश (२०२३) | नवीकरणीय ऊर्जेचा वाटा | घर उबदार ठेवणं न परवडणारे लोक |
|---|---|---|
| फिनलंड | ५०.८% | २.६% |
| पोर्तुगाल | ३५.२% | २०.८% |
| युरोपीय संघ | २४.५% | १०.६% |
| लक्झेंबर्ग | ११.६% | २.१% |

२०२३ मध्ये नवीकरणीय ऊर्जेत पोर्तुगाल संघाच्या सरासरीच्या बराच पुढे होता, तरी तिथल्या दर पाचव्या माणसाला घर उबदार ठेवणं परवडत नव्हतं. लक्झेंबर्गचा वाटा त्या वर्षी संघात सर्वांत कमी होता, पण घरं उबदार होती. कारण घराची ऊब ऊर्जेच्या स्रोताइतकीच उत्पन्नावर, दरांवर आणि भिंती-खिडक्यांच्या बांधणीवर ठरते. ऊर्जा स्वच्छ झाली म्हणून ती आपोआप न्याय्य होत नाही. किशोरवयीन मुलांना हे शिकवायचं, तर त्यांना या तक्त्याच्या दोन ओळींत राहून बघू द्यायला हवं. शाळांमधली देवाणघेवाण नेमकी त्याचसाठी आहे.

आकडा प्रवासाचा, प्रश्न शिक्षणाचा

१९८७ मध्ये युरोपातली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यापीठीय विद्यार्थी त्यातून परदेशी गेले. आज ‘इरॅस्मस प्लस’ या नावाने शाळाही त्यात आहेत. २०२१ ते २०२७ या काळासाठी योजनेची तरतूद सुमारे २६ अब्ज युरो आहे. एकट्या २०२३ मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक-कर्मचारी मिळून सुमारे १३ लाख जणांना परदेशी शिकण्याची संधी मिळाली. शालेय गटाला २ ते ३० दिवस दुसऱ्या देशातल्या शाळेत जाता येतं. सोबत शिक्षक असतात आणि यजमान शाळेतल्या मुलांबरोबर एकत्र शिकणं अपेक्षित असतं.

हे सगळे आकडे प्रवासाचे आहेत. तेरा लाख लोक कुठे गेले हे त्यांतून कळतं, काय शिकून आले हे कळत नाही. पाच दिवसांत एक सौरप्रकल्प, एक संग्रहालय आणि निरोपाचा कार्यक्रम उरकला, तर ती सहल झाली. देवाणघेवाण व्हायची असेल, तर दोन्ही वर्गांनी एकच प्रश्न घेऊन दोन ठिकाणी उत्तर शोधावं लागतं.

एकाच वाऱ्याची दोन उत्तरं

असा प्रश्न कसा असू शकतो, हे डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या दोन जागा दाखवतात.

डेन्मार्कचं सामसो हे ११४ चौरस किलोमीटरचं, जेमतेम चार हजार वस्तीचं बेट. १९९७ मध्ये सरकारी स्पर्धेत त्याची ‘नवीकरणीय ऊर्जेचं बेट’ म्हणून निवड झाली. पुढच्या काही वर्षांत जमिनीवर प्रत्येकी १ मेगावॅटच्या ११ आणि समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकूण क्षमता ३४ मेगावॅट. जमिनीवरच्या ११ पैकी ९ शेतकऱ्यांच्या मालकीच्या झाल्या आणि २ रहिवाशांनी भाग घेऊन सामाईक विकत घेतल्या. समुद्रातल्या १० पैकी ५ स्थानिक पालिकेने घेतल्या. ज्यांच्या खिडकीतून पाती दिसणार होती, त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशातही त्यांचं उत्पन्न येणार होतं. २००७ पासून बेटावर ऊर्जा अकादमी आहे आणि हा अनुभव समजून घ्यायला जगभरातून लोक तिथे येतात.

नॉर्वेतल्या फोसेन द्वीपकल्पावर स्टोरहेया आणि रोआन या दोन प्रकल्पांत १५१ पवनचक्क्या आहेत. क्षमता सुमारे ५४४ मेगावॅट, म्हणजे सामसोच्या सोळापट. पण त्या उभ्या राहिल्या सामी या आदिवासी समाजाच्या रेनडिअरांच्या हिवाळी कुरणांवर. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ नुसार सामींना असलेल्या सांस्कृतिक हक्काचा इथे भंग झाला आहे. निकालानंतरही पाती फिरतच राहिली. ५०० दिवस उलटले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुण-तरुणींनी ऑस्लोमधल्या मंत्रालयात ठिय्या दिला. मार्चमध्ये सरकारने माफी मागितली, आणि त्यानंतर सुमारे वर्षभरात दोन्ही प्रकल्पांबाबत सामींशी करार झाले.

दोन्हीकडे वारा तोच आणि यंत्रंही त्याच जातीची. फरक पडला तो कोणाला आधी विचारलं, मालकी कोणाकडे गेली आणि नुकसान कोणाच्या पदरी आलं यात. पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक कळायला शेतकरी भागधारक आणि रेनडिअरपालक दोघांनाही भेटावं लागतं. एकाच ठिकाणी गेलेला वर्ग अर्धी गोष्ट घेऊन परततो.

ऐकलं जाण्याचा हक्क

२८ जुलै २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचा ठराव १६१ विरुद्ध ० मतांनी संमत केला. ८ देश तटस्थ राहिले. भारताने बाजूने मत दिलं. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने पर्यावरण आणि हवामानबदलाबाबतचं आपलं सर्वसाधारण भाष्य क्रमांक २६ प्रसिद्ध केलं. त्यासाठी १२१ देशांतल्या मुलांकडून १६,३३१ सूचना आल्या होत्या. मुलांना विचारलं तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मानवी हक्क शिक्षणाच्या जाहीरनाम्यात तीन गोष्टी अपेक्षित आहेत: हक्कांची माहिती, शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे हक्क जपणारी शिकवण्याची पद्धत, आणि हक्क वापरण्याचं बळ. पहिली पुस्तकातून मिळते. उरलेल्या दोन्हींसाठी दौऱ्याचा प्रश्न मुलांनी ठरवावा, मुलाखती त्यांनी घ्याव्यात आणि निष्कर्षही त्यांनीच गावासमोर मांडावेत.

प्रवासाचाही हिशेब हवा

शाश्वत ऊर्जा शिकायला निघालेल्या वर्गाने आपल्या प्रवासाचंही गणित मांडलं पाहिजे. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार दर प्रवासी-किलोमीटरला विमानातून सुमारे १६० ग्रॅम आणि रेल्वेतून ३३ ग्रॅम कार्बन उत्सर्जन होतं. २० मुलं आणि २ शिक्षक १,००० किलोमीटर जाऊन परत आले, तर विमानाने सुमारे ७ टन, रेल्वेने दीड टनापेक्षा कमी. म्हणूनच इरॅस्मसच्या २०२४ च्या नियमावलीत ५०० ते १,९९९ किलोमीटरच्या प्रवासाला माणशी ३०९ युरो होते, पण रेल्वेसारख्या पर्यायाने गेल्यास ४१७. हा १०८ युरोंचा फरक हाही एक धडाच आहे: योग्य पर्याय निवडायला सांगायचं, तर तो परवडेल अशी सोयही करून द्यावी लागते.

मुंबई ते मुळशी

महाराष्ट्रात यासाठी हजार किलोमीटर जायलाच हवं असं नाही. फोसेनचा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा ठरली. तरीही धरण झालं. १९२७ मध्ये मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली उतरवून भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली. जलविद्युत स्वच्छ होती, पण तिच्यासाठी शेतं बुडाली.

‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. १९५७ मध्ये उद्घाटन झालेल्या, संबलपूरजवळच्या हिराकूड धरणाने तिथल्या एक लाखाहून अधिक लोकांना विस्थापित केलं. या उपक्रमात भाषा, खाद्यपदार्थ आणि कला यांची देवाणघेवाण होते. ती हवीच. तिच्या जोडीला विजेचा प्रश्नही घ्यावा. मुंबई आणि मुळशी, पुणे आणि संबलपूर अशा शाळांच्या जोड्या लावाव्यात आणि दोन्ही वर्गांना तीन प्रश्न द्यावेत: तुमच्या घरची वीज कुठून येते, तिच्यासाठी कोणी काय गमावलं, आणि त्यांना आधी विचारलं होतं का?

यांची उत्तरं शोधणारी मुलं पुढे मतदार, अभियंते, तलाठी आणि जिल्हाधिकारी होतील. येत्या काळात सौर आणि पवन प्रकल्पांसाठी आणखी जमीन लागेल आणि त्या जमिनींवर माणसं असतील. त्या माणसांशी आधी बोलायचं असतं, हे शाळेतच शिकवणं ही आपली जबाबदारी आहे.