लिव्हरचा ओव्हरटाइम, हाडांचं बिल!

शुक्रवारची संध्याकाळ. पिक्चरची तिकिटं बुक झालेली, आणि मैत्रिणीचा फोन. 'अगं, माझं लिव्हर गेलं!'

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला होता. जीजीटी नावाचं एन्झाइम नॉर्मलच्या दुपटीहून जास्त. बया पार्टीत लिंबूपाण्यापुढे जात नाही. पण कॉलेजपासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ती फिट्ससाठी फेनिटॉइन घेतेय. चार वर्षांत एकही फिट नाही. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. गूगलवर तासभर घालवून तिने निकाल लावला होता : गोळ्या बंद! दोन डोस चुकवूनही झाले होते.

खरा धोका तिथे होता. या गोळ्या अचानक थांबवल्या की फिट परत येऊ शकते, कधी लागोपाठ, न थांबणारी. शनिवारी सकाळी न्यूरोलॉजिस्टने आधी गोळी सुरू करायला लावली, मग रिपोर्ट उघडला.

आता लिव्हरचं काय? फेनिटॉइन (१९३८ पासूनचं जुनं खोड), फेनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन ही औषधं लिव्हरला ओव्हरटाइमला बसवतात. औषधं मोडून बाहेर टाकणारी एन्झाइम्स लिव्हर जास्त बनवू लागतं. त्यात जीजीटीही वाढतं. नुसतं तेच वाढलं असेल तर लिव्हर बहुतेक वेळा खराब नसतं, बिझी असतं. एसजीपीटी आणि बिलिरुबिनही चढलं, डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या, तर मात्र लगेच डॉक्टर. व्हॅलप्रोएटची गोष्ट वेगळी. ते लिव्हरला ओव्हरटाइम लावत नाही, पण क्वचित खरोखर इजा करतं, जास्त करून दोन वर्षांखालच्या मुलांना.

मैत्रिणीने सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरांनी मात्र रिपोर्टच्या दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. ते लिव्हरमधून येतं तसं हाडांतूनही येतं. म्हणून व्हिटॅमिन डी तपासलं, निघालं फक्त ९. वीसच्या खाली म्हणजे कमतरता.

ओव्हरटाइमवाली हीच एन्झाइम्स व्हिटॅमिन डीसुद्धा भराभर संपवतात. डी नाही, तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग पॅराथायरॉइड हॉर्मोन हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरतं. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं! सेव्हिंग अकाउंट टकाटक, कारण एफडी मोडून पैसे भरलेत. आणि हाडांची एफडी साधारण तिशीपर्यंतच वाढते, बॉस. त्यात आपण सकाळी कॅबमध्ये, दिवसभर एसीत. ऊन बघायचं ते स्क्रीनसेव्हरवर.

उपाय फार भारी नाहीत. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने डी आणि कॅल्शियम. कॅल्शियमची गोळी फेनिटॉइनसोबत घ्यायची नाही, दोन-तीन तासांचं अंतर हवं. शिवाय लेव्हेटिरॅसिटॅमसारखं नवं औषध आहे, ते मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. पण बदल करायचा तो हळूहळू, डॉक्टरच्या देखरेखीखाली. कार्बामॅझेपिनवाल्यांनी सोडियमकडेही लक्ष ठेवावं, ते घसरू शकतं.

निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं, 'लग्न कधी?' डिसेंबरात. मग कळलं, लिव्हरचा हा ओव्हरटाइम गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतो, इमर्जन्सी पिलचासुद्धा. अकरा वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं! मला खरा राग याचा आला. औषध चांगलं आहे, फिट्स थांबवतंय. पण ते रोज घेणाऱ्या मुलीला एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात.

होणाऱ्या नवऱ्याला तिने त्याच रात्री सगळं सांगितलं. (१९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी हे लग्न रद्द करायचं कारण धरलं जायचं. ते वगळलं, पण लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही.) त्याने शांतपणे विचारलं, 'फिट आली तर मी काय करायचं?'

तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट. डी ३१. जीजीटी अजून चढलेलंच. या वेळी मला फोन आला तो साडीचा रंग ठरवायला.