भयपटातलं गॉथिक: समज आणि वस्तुस्थिती

टोकदार कमानींचा, अंधारात बुडालेला किल्ला जुन्या भयपटांत इतक्यांदा दिसतो, की गॉथिक वास्तुकला घाबरवण्यासाठीच जन्मली असं वाटावं. प्रत्यक्षात तिचा खटाटोप उजेडासाठी होता. पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चचा पूर्वभाग ११४४ मध्ये नव्याने उभा राहिला. तिथे छताचा भार कमानींनी आणि खांबांनी पेलला, भिंती मोकळ्या झाल्या आणि त्या जागी रंगीत काचा आल्या. मुंबईकर सीएसएमटीच्या टोकदार कमानींखालून रोज जातो. धास्ती असते ती लोकल चुकण्याची.

भीती आली कादंबऱ्यांतून. होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ने (१७६४) किल्ला, भुयार आणि घराण्याचा शाप यांची सांगड घातली. सिनेमाने उचललं ते हे.

‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ (१९२०) हा चित्रपटही सरसकट गॉथिकच्या खात्यावर टाकला जातो. त्यातल्या तिरप्या भिंती, वाकडी दारं आणि रंगाने चक्क काढलेल्या सावल्या ही एक्स्प्रेशनिस्ट चित्रकलेची देणगी. हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्‍योरिग यांनी ते नेपथ्य केलं. गॉथिकची आठवण होते ती एकमेकांवर रेललेल्या उतरत्या छपरांच्या जुन्या जर्मन गावामुळे, तेवढ्यापुरतीच.

दोनच वर्षांनी आलेल्या ‘नोस्फेरातू’तला किल्लाही स्टुडिओत उभारलेला, असं अनेकांना वाटतं. तो खराखुरा आहे. दिग्दर्शक मुर्नाऊने आजच्या स्लोव्हाकियातल्या ओरावा किल्ल्यावर चित्रीकरण केलं. चित्रपटातला पिशाच ऑर्लोक जर्मनीत येऊन राहतो ती घरं म्हणजे ल्यूबेकमधली मिठाची जुनी कोठारं. मला या चित्रपटाचं मोठेपण एका चौकटीत दिसतं: कमानीच्या दारात उभा ऑर्लोक. कमान त्याला इतकी घट्ट बसते की तो शवपेटीतच उभा वाटतो.  

हॉलिवूडची तऱ्हा खऱ्या किल्ल्यावर जाणाऱ्या मुर्नाऊपेक्षा निराळी. ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’साठी (१९२३) युनिव्हर्सलने कॅथेड्रलचा खालचाच भाग पूर्ण आकारात बांधला, वरचा भाग म्हणजे कॅमेऱ्यापुढे टांगलेली छोटी प्रतिकृती.

आणि गॉथिकशिवाय भयपट होत नाही, हा समज त्याच युनिव्हर्सलने १९३४ मध्ये मोडला. एडगर उल्मरच्या ‘द ब्लॅक कॅट’मधला खलनायक वास्तुविशारद आहे. त्याचं घर आधुनिक, गुळगुळीत, लख्ख उजेडाचं. फक्त ते पहिल्या महायुद्धातल्या किल्ल्याच्या अवशेषांवर बांधलेलं आहे आणि तळघरात काचेच्या पेट्यांत मृत स्त्रिया उभ्या आहेत.