मधल्या सीटच्या फटीत

तीन रांगांच्या गाडीची पारख बहुतेक घरांत बॉनेटपासून सुरू होते आणि सनरूफपाशी संपते. लहान मुलं असलेल्या घराने ती मधल्या रांगेतल्या एका फटीपासून सुरू करावी. सीटची पाठ आणि बैठक जिथे एकमेकांना टेकतात, तिथे बोटं घालून चाचपून पाहा. फोमच्या आत एक गार पोलादी दांडी हाताला लागेल. जाडी सहा मिलिमीटर. थोड्या अंतरावर तशीच दुसरी. दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर २८० मिलिमीटर. गाडी चाकणला बनलेली असो, जपानमध्ये किंवा जर्मनीत, हे अंतर तेवढंच. १९९९ मध्ये या दांड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, नाव आयसोफिक्स. त्यामुळे स्टॉकहोममधल्या मावशीने पाठवलेली चाइल्ड सीट साताऱ्यातल्या गाडीत खट्‌कन बसते. मोबाइलच्या चार्जरवर एकमत व्हायला जगाला किती वर्षं लागली ते आठवलं, की या २८० मिलिमीटरचं कौतुक जास्तच वाटतं.

पण एवढ्याशा बाळासाठी पोलाद कशाला? आजीची मांडी आहे की.

इथे थोडं गणित करू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. ती एखाद्या भक्कम गोष्टीवर समोरून आदळली, तर तिचं नाक चेपत चेपत ती सुमारे एक दशांश सेकंदात थांबते. या काळात आतल्या प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या चौदापट जोर येतो. दहा किलोचं बाळ धरून ठेवायला १४० किलो पेलण्याची ताकद लागते, म्हणजे तांदळाची जवळजवळ तीन पोती. त्याच क्षणी आजीही स्वतःच्या वजनाच्या चौदापट जोराने पुढे फेकली जात असते. माया कमी पडत नाही, स्नायू कमी पडतात. आणि ५० चा वेग काही एक्सप्रेसवेवरचा नाही. कोथरूडमधल्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी सकाळी सहज गाठता येतो. त्या वेगाने आदळणं म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून पडणं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आपण बाळाला कठड्यावर बसवत नाही. गाडीत मात्र पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर सर्रास बसवतो, आणि समोर एअरबॅग असते. प्रौढ माणसासाठी बनवलेली ती पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते.

याहून नवलाची गोष्ट बाळाच्या मानेत आहे. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं. ते तोलणाऱ्या मानेतले मणके अजून एकसंध झालेले नसतात. त्यांतला बहुतेक प्रत्येक मणका हाडाच्या तीन वेगळ्या तुकड्यांचा असतो, आणि ते तुकडे कूर्चेने जोडलेले असतात. ते सांधले जाऊन पुरते एक व्हायला पाच-सहा वर्षं जातात. समोरून टक्कर झाली की पट्टे बाळाची छाती धरून ठेवतात, पण डोकं पुढे जातच राहतं आणि त्याचा सगळा ओढा या अर्धवट सांधलेल्या मानेवर येतो.

यावरचा उपाय अंतराळातून आला. बर्टिल आल्डमन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. अंतराळवीर त्यांत पाठीवर पडून असत. उड्डाणाचा जोर एका जागी न येता डोकं, खांदे, पाठ अशा सगळ्या पृष्ठभागावर पसरावा, हा त्यामागचा हेतू. आल्डमन यांच्या डोक्यात आलं, की गाडी पुढच्या दिशेने आदळते, तर बाळाला उलट्या तोंडाने बसवलं की झालं. मग डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातील आणि मानेला हिसका बसायला वावच राहणार नाही. १९६४ मध्ये पहिला नमुना चाचणीला गेला आणि १९७२ मध्ये व्होल्वोने मागे तोंड असलेली चाइल्ड सीट बाजारात आणली. गंमत अशी, की आपण रोज लावतो तो तीन टोकांचा सीटबेल्ट १९५९ मध्ये ज्यांनी व्होल्वोसाठी घडवला, ते निल्स बोलिन त्याआधी साबमध्ये विमानाच्या इजेक्शन सीटवर काम करत होते. जमिनीवरच्या गाडीत मूल सांभाळायची विद्या अशी बरीचशी आकाशातून उतरली आहे. स्वीडनमध्ये आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात. आपल्याकडे ‘बाळाला पुढचं काही दिसणार कसं?’ म्हणून वर्षाच्या आत सीट फिरवली जाते. बाळाला पुढचं काही बघायचं नसतं.

आता फटीतल्या दांड्यांकडे परत येऊ. त्या दोन आहेत, आणि दोन बिंदूंवर अडकवलेली कोणतीही वस्तू त्या रेषेभोवती फिरू शकते. नुसत्या दोन दांड्यांवर बसवलेली चाइल्ड सीट धडकेत पुढे कलंडेल. म्हणून तिला तिसरा आधार हवा. तो दोन प्रकारे मिळतो. एक म्हणजे सीटच्या पुढून गाडीच्या तळावर टेकणारा पाय. दुसरा म्हणजे सीटच्या माथ्यावरून मागे जाऊन हुकात अडकणारा पट्टा, ज्याला टॉप टेथर म्हणतात. तीन रांगांच्या गाडीची खरी परीक्षा या तिसऱ्या आधारापाशी होते आणि शोरूममध्ये नेमकी तीच कुणी घेत नाही. काही गाड्यांत मधल्या रांगेच्या पायांखाली सामान ठेवायचा चोरकप्पा असतो. पाय त्याच्या पोकळ झाकणावर टेकला, तर धडकेत झाकण खचेल आणि आधार जाईल. अशा जागेबद्दल गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलं आहे ते वाचावंच लागतं. टॉप टेथरचा पट्टा मधल्या सीटच्या पाठीवरून खाली उतरतो, म्हणजे बरोबर तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे.

तिसऱ्या रांगेची वाट तर त्याहून बिकट. मागे जायला मधली सीट एका खटक्यात दुमडून पुढे उलटावी लागते. तिच्यावर चाइल्ड सीट दांड्यांना घट्ट बसलेली असेल, तर ती उलटत नाही. बऱ्याच गाड्यांत ही उलटणारी सीट डावीकडे असते, कारण आपल्याकडे फुटपाथ डावीकडे असतो. म्हणजे चाइल्ड सीट डावीकडे लावली तर मागची वाट बंद, आणि उजवीकडे लावली तर भर रहदारीत, पाठीमागून रिक्षा येत असताना, दार उघडून बाळाला आत ठेवायचं. माझं मत विचाराल, तर रोज बाळ घेऊन जाणाऱ्या घराने मध्ये वाट असलेल्या दोन सुट्या कॅप्टन सीट घ्याव्यात. सातवी जागा जाते, पण उरलेल्या सहा वापरता येतात. सेल्समन सात आकडा मोठ्याने सांगतो. मुलांसाठी पोलादी दांड्या असलेल्या जागा मात्र बहुतेक गाड्यांत दोनच निघतात, मधल्या रांगेच्या दोन टोकांना.

शिवाय सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची लांबी ठरलेली असते. चाकणची महिंद्रा एक्सयूव्ही ७०० घ्या. लांबी ४६९५ मिलिमीटर, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २७५० मिलिमीटर. एवढ्यात तीन रांगा. मागे तोंड असलेली चाइल्ड सीट लांबीला बरीच ऐसपैस असते. ती लावली की एक तर पुढच्या माणसाने गुडघे डॅशबोर्डला टेकवायचे, किंवा मधली सीट मागे सरकवून तिसऱ्या रांगेतल्याचे गुडघे आवळायचे. आणि ही जागा नुसत्या आरामाची नाही. जुन्या युरोपीय चाचणी नियमात पुढे तोंड असलेल्या सीटमधल्या मुलाचं डोकं धडकेत ५५ सेंटीमीटरपर्यंत पुढे गेलेलं चालत असे. तेवढ्या अंतरात समोरच्या सीटची कडक पाठ येता कामा नये. तिसऱ्या रांगेत बसून हाताची वीत लावून पाहिलं, की तिथे एवढी मोकळी जागा बहुधा नसते हे लगेच कळतं.

तरी आपल्याकडे पोरांना मागेच पिटाळायची रीत आहे. मोठी माणसं मध्ये, बच्चेकंपनी मागे. टाटा सुमो १९९४ मध्ये आली तेव्हापासून ही सवय लागली असावी. मागच्या भागात समोरासमोर आडवी बाकडी, त्यांवर पाच-सहा चुलत-मावस भावंडं आणि मधे फराळाचा डबा. वडापच्या जीपमध्ये वाढलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण आडव्या बाकड्यावर मूल बाजूने फेकलं जातं, आणि तिथे चाइल्ड सीट बसवायची सोयच नसते. जुनी गाडी घेणार असाल, तर अशी बाकडी दिसताच पुढचा भाव-ताव थांबवावा. हल्लीच्या तिसऱ्या रांगा पुढे तोंड करून असतात, पण डोक्यामागे हातभर अंतरावर डिकीची काच असते, आणि खिडकीबाजूची पडदा-एअरबॅग काही गाड्यांत तिथवर येते, काहींत येत नाही.

त्यात घाट. कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना मागच्या रांगेतल्याला गाडी लागते, कारण तो मागच्या चाकाच्या जवळपास वर असल्यामुळे जास्त हेलकावे खातो आणि लहानशा खिडकीतून त्याला क्षितिज दिसत नाही. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो समोरची सीट स्थिर आहे, आणि पोट या भांडणात निकाल देतं. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. सर्वांत जास्त होतो तो शाळकरी मुलांना. म्हणजे ज्यांना आपण मागे बसवतो, नेमक्या त्यांना.

कायदा १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल, तर १००० रुपये दंड सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीत तो आला. याहून उपयोगाचे आहेत ते क्रॅश टेस्टचे आकडे, फक्त ते नीट वाचायला हवेत. मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये तपासलेल्या स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले आणि मुलांसाठी तीन. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला पाच आणि चार. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं आणि त्याच्या पहिल्याच निकालांत पुण्यात बनणाऱ्या टाटा सफारीला मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४ गुण मिळाले. या ४९ मधले फक्त २४ प्रत्यक्ष धडकेचे. १२ गुण वेगवेगळ्या चाइल्ड सीट गाडीत नीट बसतात का याचे आणि १३ गाडीतल्या सोयींचे. धडकेत बसवलेले पुतळे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे असतात आणि त्यांची जागा मधल्या रांगेत असते. जाहिरातीतले तारे पाहून तिसऱ्या रांगेबद्दल निष्कर्ष काढू नये.

चाइल्ड सीट सुटली की बूस्टर येतो, आणि तो का लागतो ही या सगळ्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. कमरेचा पट्टा पोटावर नाही, कटीच्या हाडावर बसायला हवा. मोठ्या माणसाच्या कटीच्या हाडाला पुढून दोन्ही बाजूंना टोकदार उंचवटे असतात आणि पट्टा त्यांना अडतो. लहान मुलाचे ते उंचवटे पुरेसे वाढलेलेच नसतात. ते नीट व्हायला दहाएक वर्षं जातात. मग धडकेत पट्टा हाडावरून निसटून पोटात रुततो. बूस्टर मुलाला उंच करतो आणि पट्ट्याला खाली, मांड्यांच्या मुळाशी धरून ठेवतो. काम एवढंच.

बूस्टर काढायचा तो वयावरून नाही. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना गुडघे बैठकीच्या कडेशी वाकायला हवेत, कमरेचा पट्टा मांड्यांवर खाली बसायला हवा, खांद्याचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधून जायला हवा, आणि मुलाला हे सगळं अर्धा तास न सरकता जमायला हवं. हे साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर उंचीच्या दरम्यान जमतं. मधल्या रांगेत पास झालेलं मूल तिसऱ्या रांगेत नापास होऊ शकतं, कारण तिथली बैठक ठेंगणी असते आणि पट्टा खांबावर वेगळ्या उंचीवरून येतो. म्हणून शोरूममध्ये जाताना मूल, त्याची सीट आणि बाबागाडी, तिन्ही बरोबर न्यावीत. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत बाबागाडी मावते का, हे सेल्समनला न विचारता स्वतः ठेवूनच पाहावं.